चटणीच्या पाकिटाला खळ चालेल का?

प्रश्न : आमचा शेंगाचटणीचा घरगुती व्यवसाय आहे. कागदी पाकिटातून तेल बाहेर फुटते. प्लास्टिकचे अस्तर मात्र टाळायचे आहे. मागावरच्या सुताला देतात तशी स्टार्चची खळ पाकिटाला आतून दिली, तर तेल अडेल का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : स्टार्चने तेल अडते, परंतु सुताची खळ मुळीच वापरू नये, तिच्यात चरबी, मेण किंवा बुरशीनाशक मिसळलेले असू शकते.

कागदाच्या तंतूंमधील पोकळ्यांतून तेल झिरपते. स्टार्चचा अखंड पापुद्रा त्या पोकळ्या बुजवतो आणि तो पाणीप्रिय असल्यामुळे तेल त्यात मुरत नाही. अडचण येते ती घडीवर. साधे स्टार्च वाळून कडक झाले, की घडी घालताच त्याला तडा जातो. म्हणूनच कारखान्यात त्यावर प्रक्रिया करतात : स्टार्चच्या रेणूला हायड्रॉक्सीप्रोपिल नावाचा अणूंचा छोटा गट जोडल्यास रेणूंच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगत नाहीत व पापुद्रा लवचीक राहतो, तर ऑक्सिडीकरणाने द्रावण पातळ होऊन कागदावर एकसारखे पसरते. लवचीकपणासाठी थोडे ग्लिसरीनही घालतात, पण ते ओलावा ओढते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोरड्या हवेत पापुद्रा ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात तोच पापुद्रा दमट होऊन मऊ पडतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते आणि दमट पापुद्रा प्राणवायू नीट अडवत नसल्यामुळे चटणी खवट होण्याचा धोका त्याच दिवसांत वाढतो. बाष्प रोखण्यात तर प्रक्रिया केलेले स्टार्चही दुबळेच. सायट्रिक आम्लाने साखळ्या एकमेकींना जोडल्यास किंवा वरून मेणाचा पातळ थर दिल्यास थोडा फरक पडतो. तेव्हा कोणी ‘याला पाणी लागतच नाही’ असे सांगून कागद विकू लागला, तर वरचा थर कशाचा आहे हे अवश्य विचारावे.

घरी लेप देण्याच्या भरीस न पडता खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या लेपित कागदाचे नमुने मागवावेत, शक्यतो दोन पातळ थरांचे, कारण पहिल्या थरातील सूक्ष्म छिद्रे दुसऱ्याने बुजतात. नमुन्याला नखाने दाबून घडी घालावी, ती उलगडून त्यावर चटणी पसरावी, वर वजन व खाली पांढरा कागद ठेवून तो उबदार जागी काही दिवस राहू द्यावा. खालच्या कागदावर तेलाचे सुटे ठिपके उमटले तर लेपात छिद्रे आहेत, सरळ रेघ उमटली तर घडीवर तडा गेला आहे, आणि सलग डाग पसरला तर लेपच अपुरा आहे.