आधी गाठ कुठली ते बघा, व्हॉल्व्हचं नंतर

ताई, तुमच्या दहा वर्षांच्या पॉमेरेनियन कुत्र्याचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) लीक आहे आणि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयापाशी गाठही दिसली, मग ऑपरेशन करावं का असं विचारलं तुम्ही. माझं म्हणाल तर आत्ता व्हॉल्व्हच्या मागे लागू नका, आधी गाठ नेमकी कुठे आहे ते पक्कं करा.

उजव्या एट्रियमवर (हृदयाच्या वरच्या कप्प्यावर) असली तर बरेचदा हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर निघतो, तो स्प्लीन (प्लीहा) नि फुफ्फुसात लवकर पसरतो, तिथे व्हॉल्व्ह कितीही छान शिवला तरी जीव वाचत नाही हो. एओर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या) मुळाशी असली तर केमोडेक्टोमा नावाची गाठ असू शकते, ती बहुतेक हळू वाढते. म्हणून पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे कराच, जमलं तर सीटीपण. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवून घ्या, आणि इको हृदयाचंच काम करणाऱ्या डॉक्टरकडून परत करा, कधी कधी साधी चरबीही गाठीसारखी दिसते.

व्हॉल्व्हच्या ओपन हार्ट सर्जरीत हृदय थांबवून त्याचं काम करणारं बायपास मशीन लागतं, त्यासाठी हेपॅरिन देऊन रक्त पातळ करतात, आणि रक्त झिरपणारी गाठ आत असली की तिथेच धोका. जपानला योकोहामात डॉ. मासामी उएची यांची टीम ही सर्जरी करते. व्हॉल्व्हला क्लिप लावायची पद्धत वेगळी, चालू हृदयात करतात, ती 2024 मध्ये दिल्लीत जुलिएट नावाच्या बीगलवर झाली. पण गाठ कॅन्सरची निघाली तर कोणीही चांगला सर्जन आधी थांबाच म्हणेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठीमुळे हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू शकतं. कुत्रा अचानक कोसळला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगून राहिलं तर लॅसिक्सचा (लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाचा) डोस घरी वाढवू नका, त्यानं उलट ब्लड प्रेशर घसरतं, तिथे सुईनंच ते साचलेलं रक्त काढावं लागतं, तेही लगेच.

रोज गाढ झोपेत असताना छाती बघून श्वास मोजा, 30 सेकंद मोजून दुप्पट करा, मिनिटाला 30च्या आत पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलरसमोरच मोजा, नाहीतर उकाड्याची धाप नि हृदयाची धाप कळत नाही. पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू नसेल तर विचारा, हृदय मोठं झालेल्या कुत्र्यांत त्यानं हार्ट फेल्युअर साधारण 15 महिने पुढे ढकललं असं 2016 च्या एपिक अभ्यासात दिसलं. रिपोर्टमधला एलए-एओ रेशो (डावं एट्रियम एओर्टाच्या किती पट मोठं ते) इथे टाका, 1.6 किंवा वर असला तर हे डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.