गोव्यातील आदिवासी स्त्रियांचे ज्ञान आणि बोली इंटरनेटवर आणण्यासाठी कशी मदत करावी?

सर्वप्रथम, काय आणायचे आणि काय नाही, हे त्या स्त्रियांनाच ठरवू द्यावे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना गोव्यात 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. पण त्यांच्या गाण्यांचे चित्रीकरण बहुधा बाहेरचेच लोक करतात आणि गाणारीचे नावही देत नाहीत, हे मला फार खटकते.

पौष महिन्यात मांडावर, म्हणजे गावातील पवित्र मोकळ्या जागेत, स्त्रिया समोरासमोर दोन रांगांत, एकमेकींच्या कमरेला हात घालून धालो ही लोकगीते गातात. असे गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करताना सुरुवातीलाच गाणारीने आपल्या तोंडाने नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग सांगावा. शब्द देवनागरीत लिहिताना ते प्रमाण कोकणीत किंवा मराठीत ‘सुधारू’ नयेत. दक्षिण गोव्यातील काणकोण-सांग्याकडचा उच्चार जसा आहे तसाच राहावा. कोकणी विकिपीडिया 2015 पासून उपलब्ध आहे आणि विकिमीडिया कॉमन्स या मुक्त ऑनलाइन संग्रहात ध्वनिफिती ठेवता येतात. मात्र तिथे दिलेली मुक्त परवानगी मागे घेता येत नाही आणि त्या सामग्रीचा व्यापारी वापरही कोणी करू शकतो, हे आधी त्यांच्याच बोलीत नीट समजावून सांगणे अत्यावश्यक आहे. औषधी वनस्पतींची नेमकी कृती आणि त्या सापडण्याच्या जागा तर त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय मुळीच प्रसिद्ध करू नयेत.

या कामासाठी शेतावरचा रोज बुडत असेल, तर तो भरून द्यावा.