दुसरा फोन नको, दुसरा नंबर घ्या

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून स्वतःचा छोटा व्यवसाय करतोय, सगळ्या ऑर्डर फोनवर येतात, पण ऑर्डर बघायला फोन घेतला की भलतंच काहीतरी बघत बसायला होतं. तर फोन कसा सेट करावा, कोणतं ॲप टाकावं आणि व्यवसायासाठी वेगळा फोन घ्यावा का.

फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. ज्याचं गिऱ्हाईक फोनमधूनच येतं त्याच्या तो सल्ला काही कामाचा नाही. आणि ‘ग्राहकाला दोन मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे’ हा उलटा सल्ला तर त्याहून वाईट. या दुसऱ्या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नोकरी करून संध्याकाळी हाताने शिवलेल्या वह्या आणि डायऱ्या बनवते. फर्मे (वहीतल्या कागदांचे छोटे गठ्ठे) दुमडायचे, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं. खळ लावली की ती सुकायच्या आत कापड ताणून कोपरे दुमडावे लागतात. नेमका तेव्हा फोन वाजला, हात पुसून तो बघितला, तर परत येईपर्यंत कापडाला सुरकुती पडलेली असते आणि ती नंतर जात नाही. कटर चालवताना फोन वाजला तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. माझं काम असं असल्यामुळे ‘फक्त एक मिनिट बघते’ याचा भुर्दंड मला तिथल्या तिथे दिसतो. हिशेब, लेखन, डिझाइन करणाऱ्यांना तो दिसत नाही, पण पडतो त्यांनाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की एकाग्रतेचं काम चालू असताना नुसतं नोटिफिकेशन आलं आणि माणसाने फोनला हातही लावला नाही, तरी चुका वाढतात. त्यामुळे ‘वाजू दे, मी कुठे बघतेय’ हे म्हणणं टिकत नाही.

आता भांडणाचं. माझी ताई माझ्या कितीतरी आधीपासून धंद्यात आहे. घाऊक माल घ्यायचा आणि पुढे विकायचा. तिचा फोन झोपतानाही उशाशी, आवाज पूर्ण. मी वह्या विकायला लागले तेव्हापासून तिचं एकच पालुपद: ‘अगं, उत्तर दिलं नाहीस तर गिऱ्हाईक पुढे जातं. तुझ्यासाठी कोण थांबून राहणार आहे?’ मी कामाला बसले की माझा फोन गप्प असतो हे तिला आळशीपणाचं लक्षण वाटायचं. चारचौघांत तिने तसं बोलूनही दाखवलंय.

एका कार्यालयाने मोठी ऑर्डर दिली होती. सगळ्या डायऱ्या एकाच मापाच्या, कव्हरवर त्यांचं चिन्ह उठवलेलं. नमुना त्यांनी पास केला होता आणि त्या संध्याकाळी मी कापड कापायला घेणार होते. ताई घरी आली होती. फोन फळीवर, ‘डू नॉट डिस्टर्ब’ (फोन गप्प ठेवणारी सेटिंग) चालू. टेबलावर कापड अंथरलेलं, पट्टी लावलेली, कटर हातात, आणि फोन वाजला. मी लगेच उचलला, कारण त्या वेळात माझा फोन वाजतो याचा अर्थ कोणीतरी मी सांगितल्याप्रमाणे केलंय. पलीकडून त्या कार्यालयातले गृहस्थ: माप बदललंय, आधीच्यापेक्षा लहान हवीय, संदेश पाठवला होता. मी म्हटलं, बरं झालं, अजून कात्री लागलेली नाही. नवीन माप लिहून घेतलं, कापड गुंडाळून ठेवलं आणि त्या संध्याकाळी दुसरं काम केलं.

ताई म्हणाली, ‘नशीब तुझं.’

तेव्हापासून ती हा प्रसंग ‘हिचं नशीब बघा’ म्हणून सगळ्यांना सांगते. मला ते लागतं, कारण त्यात नशिबाचा भाग नव्हताच. त्या गृहस्थांनी संदेश पाठवला तेव्हा त्यांना माझं आपोआप जाणारं उत्तर मिळालं होतं. त्यात असं लिहिलेलं असतं: ‘मी संदेशांना रोज रात्री साडेनऊनंतर उत्तर देते. चालू ऑर्डर थांबवायची असेल किंवा तिच्यात बदल असेल तर याच नंबरवर साधा फोन करा. उचलला नाही तर लगेच पुन्हा एकदा करा.’ त्यांनी पहिला फोन केला, तो वाजला नाही. दुसरा केला, तो वाजला. अँड्रॉइडच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये पुन्हा कॉल करणाऱ्यांना परवानगी देण्याची एक सोय आहे: त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो आवाज करतो. नंबर सेव्ह केलेला नसला तरी चालतं. आयफोनमध्ये हीच सोय ३ मिनिटांची आहे. मी ती विचार करून चालू ठेवली होती आणि ग्राहकांना तसं लिहूनही ठेवलं होतं. याला नशीब म्हणत नाहीत.

तर फोन सेट करण्याची सुरुवात फोनपासून करू नका. आधी ठरवा की ग्राहकाला तुम्ही केव्हा उत्तर देणार आणि तातडीचं काय असेल तर त्याने काय करायचं. दुकानाच्या दारावर वेळेची पाटी असते, तशी ही तुमची पाटी. ती ठरली की बाकीची सेटिंग तिला धरून होते. ती न ठरवता कितीही ॲपं टाकलीत तरी दर दहा मिनिटांनी ‘कोणाचा संदेश आला असेल का’ हे डोक्यात राहणारच.

वेगळा फोन घेऊ नका. दोन फोन म्हणजे दोन चार्जर, दोन स्क्रीन आणि लक्ष जायला दोन जागा. वेगळा नंबर मात्र घ्याच. दुसरं सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) त्याच फोनमध्ये बसतं. व्हॉट्सॲप बिझनेस हे २०१८ पासून असलेलं वेगळं ॲप आहे. साधं व्हॉट्सॲप आणि ते एकाच फोनवर शेजारी-शेजारी चालतात, अट एवढीच की दोन्हींना वेगवेगळे नंबर लागतात. हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. ऑर्डर बघायला ॲप उघडलं की समोर फक्त ऑर्डरी. नातेवाइकांचे गट, शाळेतल्या मित्रांचे गट, त्यातले व्हिडिओ यातलं काहीच तिथे नसतं. तुम्ही ‘भलतंच बघत बसायला होतं’ म्हणालात ना, त्याचा निम्मा भाग इथेच सुटतो.

त्या ॲपमधलं अवे मेसेज म्हणजे मी वर सांगितलेलं आपोआप जाणारं उत्तर. ते कायम पाठवता येतं, ठरावीक वेळेत पाठवता येतं किंवा तुम्ही नोंदवलेल्या कामाच्या वेळेबाहेर आपोआप जातं. काही जणांना वगळताही येतं. मला कागद पुरवणारे वगळलेले आहेत, त्यांना ते वाचून काय करायचंय. रोज तीच तीच उत्तरं टाइप करत असाल तर क्विक रिप्लाय करून ठेवा: तिरपी रेघ (/) टाइप केली की यादी येते. माप, कागदाचे प्रकार, किती दिवस लागतात, पैसे कसे द्यायचे, एवढी चार उत्तरं तयार असली की रात्रीचा उत्तरांचा वेळ झपाट्याने कमी होतो. आणि लेबलं, म्हणजे प्रत्येक संवादाला लावायच्या खुणा, वापरा. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे यायचेत’, ‘पूर्ण’. कोणाचं काय राहिलंय हे शोधायला सगळे संवाद वर-खाली करत बसलात की त्यातच वेळ जातो.

नोटिफिकेशन सरसकट बंद करू नका. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून प्रत्येक ॲपची नोटिफिकेशनं प्रकारानुसार वेगळी केलेली असतात. इन्स्टाग्रामवरून ऑर्डरी येत असतील तर थेट संदेशांचं नोटिफिकेशन ठेवा. लाइक, नवीन फॉलोअर, ‘अमक्याने बऱ्याच दिवसांनी पोस्ट टाकली’ हे सगळं बंद. पैसे जमा झाल्याचा संदेश आणि ओटीपी चालू राहू द्या. आणि सगळंच बंद केल्याने जीवाला शांती मिळते असंही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना नोटिफिकेशनं दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिली होती आणि काहींची पूर्ण बंद केली होती. तीन वेळावाल्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. पूर्ण बंदवाल्यांची बेचैनी वाढली. धंदा करणाऱ्याला तर ती वाढणारच. आयफोनमध्ये एकगठ्ठा देण्याची सोय ‘शेड्यूल्ड समरी’ या नावाने आहे.

कामाच्या वेळेसाठी अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड आहे. जी ॲपं तुम्हाला ओढतात ती त्यात टाकायची, वार आणि वेळ लावायची. तेवढा वेळ ती उघडत नाहीत. आयफोनवर २०२१ पासून ‘फोकस’ आहे आणि तो जास्त चांगला आहे असं माझं मत आहे, कारण तिथे प्रत्येक फोकसला होम स्क्रीनचं वेगळं पान जोडता येतं. व्यवसायाच्या वेळी समोर बिझनेस व्हॉट्सॲप, कॅमेरा, कॅल्क्युलेटर, नोंदी आणि बँक. बाकीची पानं दिसतच नाहीत. स्क्रीन काळी-पांढरी करायला सांगतात, त्याने फोन कमी बघितला जातो हे खरं, पण मला ग्राहकाला कापडाचे रंग दाखवायचे असतात. ज्यांचा माल रंगावर विकला जातो त्यांनी त्या फंदात पडू नये.

एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्वतःच्या मालाची पोस्ट टाकायला गेल्यावर. ‘फोटो टाकते आणि बाहेर येते’ असं म्हणून कोणीही बाहेर येत नाही. म्हणून पोस्ट फोनवरून टाकूच नका. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमधून संगणकावर बसून आठवड्याच्या एकदम लिहून वेळ लावून ठेवता येतात.

ॲप कोणतं, याचं उत्तर तुम्हाला हवं असेल, पण वर सांगितलेलं बहुतेक फोनमध्येच असतं. आधी ते वापरा.

आता ताईचा मुद्दा, कारण तुम्हाला कोणी ना कोणी ताई भेटणारच. लगेच उत्तर दिल्याने ग्राहक टिकतो, हे अर्धंच खरं आहे. पहिल्या दिवशी रात्री अकराला उत्तर दिलंत की तो दुसऱ्या दिवशीही अकराला विचारणार आणि उत्तर आलं नाही तर रागावणार. ही सवय त्याला आपण लावतो. शिवाय घाईत दिलेलं उत्तर चुकतं. ताईने एकदा जेवता-जेवता एका जुन्या व्यापाऱ्याला भाव सांगितला, तो आदल्या महिन्याचा निघाला, आणि दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिने तोटा सोसून माल दिला. ते तिच्या मते ‘धंद्यात होतंच’. मी दुसऱ्या फोन कॉलची सोय लावून कापड वाचवलं तर ते नशीब, आणि तिने फोन हातात ठेवून तोटा केला तर तो धंदा! हा हिशेब मला अजून कोणी समजावून दिलेला नाही. माझे ग्राहक साडेनऊची वाट बघतात, आणि उत्तर मिळतं तेव्हा ते नीट वाचून, मागचं सगळं तपासून दिलेलं असतं. त्या कार्यालयाने पुढची ऑर्डरही मलाच दिली.

ताईची एक गोष्ट मला मान्य आहे. तोच माल दहा जणांकडे मिळत असेल तर पहिल्यांदा उत्तर देणाऱ्याला ऑर्डर जाते. तिचा धंदा तसा आहे, माझा नाही. तुमचा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. अडलेल्या माणसाला तातडीने लागणारी सेवा तुम्ही देत असाल, कुलूप उघडून देणं किंवा बंद पडलेली गाडी ओढून नेणं अशी, तर माझी साडेनऊची वेळ तुमच्या उपयोगाची नाही; तुम्ही फोन घेतलाच पाहिजे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्याशी संबंधित नंबर डू नॉट डिस्टर्बच्या परवानगीच्या यादीत टाका, त्यांना दोनदा फोन करायला लावू नका. आणि नोकरीच्या वेळेत व्यवसायाचा नंबर गप्प ठेवा. बाहेरचं काम करायला तुमच्या नोकरीच्या करारात परवानगी आहे की नाही तेही एकदा वाचा.

अजून एक, अवे मेसेज लावल्यावर घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून स्वतःला संदेश पाठवून बघा. तुमच्या फोनचं इंटरनेट चालू नसेल तर तो जातच नाही, म्हणजे कामाला बसताना फोन विमान मोडवर टाकलात किंवा डेटा बंद केलात तर ग्राहकाला काहीच कळत नाही. इंटरनेट चालू ठेवा, आवाज बंद ठेवा.