योगातले नियम पाळायला लागल्यापासून चिडचिड वाढली आहे, सोडून देऊ का?

सोडू नका, पण तप थोडं कमी करा. तुम्ही लिहिलंय की पहाटे चारला उठणं, गार पाण्याने आंघोळ आणि आठवड्यात दोन उपास एकदमच सुरू केले, आणि आता घरच्यांवर सारखे ओरडता. मी याच वाटेने गेलोय.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझाही असाच कडक नेम चालू होता तेव्हा एका सोमवारी सकाळी लेकीच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. मी असा खेकसलो की फडकं हातात धरून ती तशीच उभी राहिली. पुसायचंही तिला सुचेना.

आमच्या योगवर्गातल्या बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या भागाचं, साधनपादाचं, पहिलंच सूत्र काढलं: 'तपःस्वाध्यायेश्वरप्रणिधानानि क्रियायोगः', म्हणजे तप, स्वाध्याय आणि सगळं ईश्वरावर सोपवणं हा क्रियायोग. त्यावर व्यासभाष्य, म्हणजे या सूत्रांवरची जुनी टीका, म्हणते, चित्ताच्या प्रसन्नतेला बाध येणार नाही एवढंच तप करावं. मला हे माहीतच नव्हतं. जितका त्रास जास्त तितकं तप मोठं, असंच मी धरून चाललो होतो.

शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे पाच नियम सांगितले आहेत ते याच पादाच्या बत्तिसाव्या सूत्रात. तिथे भाष्यात तप म्हणजे द्वंद्वं, म्हणजे विरुद्ध जोड्या, सहन करणं. भूक-तहान, थंडी-ऊन, आणि उभं राहणं-बसणंसुद्धा! ठाण्याहून रोज लोकलने जाणाऱ्याला ते वेगळं शोधायला नको. दादरपर्यंत उभं राहायचं आणि पायावर पाय पडला तरी तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही, हे मी तप म्हणूनच करतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दुसऱ्याला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं हे वाणीचं तप म्हटलंय.

मग मी उपास एकादशीपुरता ठेवला आणि आंघोळ कोमट पाण्याने करू लागलो. संध्याकाळी स्टेशनवरून थेट घरी न जाता तलावपाळीला एक फेरी मारतो. दिवसभरात कुणाला तोडून बोललो ते आठवतो, आणि त्या जागी काय म्हणता आलं असतं ते मनात म्हणून बघतो. पतंजलींचं प्रतिपक्षभावन, म्हणजे वाईट विचाराच्या जागी त्याच्या उलट विचार आणणं, मी एवढंच जमवलंय. राग आल्यावर नाही जमत. आधी घोकलेलं असलं तर कधीकधी जमतं.

तुम्ही आधी एक उपास सोडा आणि पुरेसं झोपा. महिनाभराने घरच्यांनाच विचारा, फरक पडलाय का. मी लेकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आता सोमवारची भीती नाही वाटत."