गोचिडी हिरवळीत शोधू नका

प्रश्न : डॉक्टर, कर्वेनगरला आमचा जुना बंगला आहे. पुढे थोडी हिरवळ, मागे शहाबादी फरशीचं अंगण. पाऊस सुरू झाल्यापासून मोतीच्या कानांतून रोज पाच-सहा गोचिडी निघतात. परवा तर सहा वर्षांच्या नातवाच्या मानेला एक चिकटलेली सापडली. सुनेनं तेल चोळून काढली. माळ्याकडून दोनदा गवत कापून औषध मारून घेतलं, उपयोग शून्य. अमेरिकेतला धाकटा मुलगा म्हणतो, हिरवळीच्या कडेनं लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा घाल. घालू का? आणि नातवाला माकडताप तर होणार नाही?
– एक आजी, कर्वेनगर

उत्तर : ढलप्यांचे पैसे वाचवा, आजी. (मीही आजोबाच आहे, पण सही तुम्ही तशी केलीत.) मुलाचं चुकत नाही. तिकडची गोचीड रानातून हरणं-उंदरांबरोबर येते, लाइम रोग पसरवते, आणि कोरडा पट्टा ओलांडायला बिचकते. मोतीच्या कानातली मात्र बहुधा कुत्र्यावरची तपकिरी गोचीड. हिला कोरडी फटच आवडते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून गळते, जवळची भेग गाठते, हजारांनी अंडी घालते आणि मरते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, पुढे आठ होतात. दर वेळी रक्त प्यायचं, खाली उतरायचं, फटीत कात टाकायची. मोतीवर दिसतात त्या चार पाहुण्या, बिऱ्हाड भिंतीत आहे.

हे सगळं मला पाठ होतं, तरी सहकारनगरच्या माझ्याच घरी एक अख्खा पावसाळा मी हिरवळीवर पंप मारत बसलो. शेवटी बायकोनं जिन्याखालचं गोणपाट उचललं, आमची राणी त्यावर झोपायची. मागच्या गिलाव्याच्या भेगेत मोहरी सांडल्यासारखी पिल्लं! दोन मोठ्या तर छताला पोचलेल्या. ‘पशुवैद्य म्हणे,’ एवढंच ती बोलली.

तेव्हा मोती जिथे झोपतो तिथून सुरुवात करा. अंथरूण उकळत्या पाण्यात, गोणपाट असेल तर फेकूनच द्या. फरशीचे सांधे, उंबरा, कुंड्यांच्या मागची भिंत खरवडून सिमेंटनं बुजवा. फवारणी करणाऱ्याला ‘झुरळं’ नव्हे, ‘गोचिडी’ असं स्पष्ट सांगा आणि फटींतच मारायला लावा. सुकेपर्यंत नातू आणि मोती घरात. अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. त्याच दिवशी मोतीलाही त्याच्या वजनाप्रमाणे पशुवैद्याकडून गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. गोठ्यातलं, म्हशींचं औषध अंदाजानं लावू नका. घरात मांजर असेल तर ते आधी सांगा: कुत्र्याच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेतं. मोती मरगळला, जेवेना किंवा नाकातून रक्त आलं, तर रक्ततपासणी त्याच दिवशी. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या आजारात प्लेटलेट्स झपाट्यानं उतरतात.

सूनबाईंना सांगा, तेल, रॉकेल, काडी काही नको. त्यानं गोचीड आणखी लाळ सोडते, आणि रोग लाळेतूनच येतो. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. नखानं चिरडायची नाही. मग साबणानं हात आणि जागा धुवायची.

नातवावर दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप, डोकेदुखी, अंगावर आणि विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ, चावल्या जागी काळी खपली, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे वाक्य आधी सांगा. पावसाळ्यात पुण्यातला प्रत्येक ताप डेंगीच्या रांगेत बसतो, आणि गोचिडीचा टायफस (गोचीड चावल्यानं येणारा ताप) विचारल्याशिवाय सुचत नाही. वेळेत ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो.

माकडतापाची भीती मनातून काढा. तो 1957 साली शिवमोग्याकडे माकडं मरू लागली तेव्हा ध्यानात आला. त्याचा विषाणू ओळखला आपल्या पुण्यातल्याच संस्थेनं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं (एनआयव्ही). अलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रुग्ण सापडले. पण त्याची गोचीड वेगळी, जंगलातली. काजूच्या बागेत किंवा रानात सुट्टीला जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि आल्यावर नातवाचे कानांमागे, काखा, जांघा तपासा.

हिरवळ कापायची तर कापा. निदान साप दिसतो.