हात पोटाशी धरून बसू नका

प्रश्न: माझं वय ५४. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशन झालं. गेल्या वर्षी नातवाला कडेवर घेतलं आणि आठवड्याभरात हात सुजला. डॉक्टरांनी लिम्फेडिमा सांगितला. तेव्हापासून घरात मला कुणी काही उचलू देत नाही, मीही हात पोटाशी धरून बसते. हातावर दाब देणारी घट्ट बाही, म्हणजे स्लीव्ह, दिली आहे, पण लोक विचारतात म्हणून ती कपाटातच आहे. शेजारच्या बाई म्हणतात, जोरात मालीश करून घे. घरचे म्हणतात, जीव वाचला हे काय कमी आहे? त्या दिवशी मी त्याला उचललंच नसतं तर? आणि ही सूज कधी जाणार?

उत्तर:

ताई,

नातवाचं आधी बोलू. तुमचा आजार त्याला उचलल्यामुळे झालेला नाही. काखेतल्या लसिका ग्रंथी (तुम्ही म्हणता त्या गाठी) काढल्या आणि त्या भागावर रेडिएशन झालं की हातातला लसिका, म्हणजे पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव, परत जायची वाट अपुरी पडते. शरीर ते काही महिने, कधी काही वर्षंही निभावून नेतं, मग कधीतरी द्रव साचू लागतो. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या साधारण पाच जणींपैकी एकीला हे होतं. वर्षभर तुम्ही स्वतःला दोष देत आला आहात, तो आता सोडा.

घरच्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचं वाक्य मला पटत नाही. जीव वाचला म्हणून हाताचं दुखणं सांगायचंच नाही, असं कुठे आहे? त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

सूज कधी जाणार, याचं खरं उत्तर असं की लिम्फेडिमा बहुतेक वेळा कायमचा राहतो, पण आटोक्यात ठेवता येतो. सुरुवातीला हात उंच ठेवला की सूज उतरते. दुर्लक्ष झालं तर आतला भाग हळूहळू घट्ट होतो आणि मग ती उतरवणं अवघड जातं. म्हणून स्लीव्ह कपाटात राहून चालणार नाही.

मात्र ती तशीच काढून चढवू नका. लिम्फेडिमाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे आधी जा. सूज जास्त असेल तर काही आठवडे थरांचं बँडेज बांधून ती उतरवतात आणि मग हाताचं माप घेऊन स्लीव्ह देतात. वर्षभरात तुमचं माप बदललं असणार. मापात नसलेली स्लीव्ह काचते, वर गुंडाळली जाते आणि तिथेच द्रव अडवते. बोटं किंवा पंजा सुजत असेल तर हातमोजाही लागतो. स्लीव्ह साधारणपणे दिवसा घालायची आणि झोपताना काढायची. रोज वापरली की सहाएक महिन्यांत तिचा ताण सैल पडतो, तेव्हा नवी घ्यावी लागते. लोकांचं म्हणाल तर ‘ऑपरेशननंतर हाताला सूज येते, म्हणून घालते’ एवढं सांगितलं की पुरे. पुढचं त्यांना सांगायला तुम्ही बांधील नाही.

आता उचलण्याबद्दल. हात वापरायचाच नाही हा सल्ला एकेकाळी सर्रास दिला जायचा. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. त्यात लिम्फेडिमा असलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली, स्लीव्ह घालून, वजन अगदी हळूहळू वाढवत व्यायाम दिला होता. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक उफाळण्याचं प्रमाण कमी झालं. स्नायू हलले की लसिका पुढे सरकते, बसून राहिलं की साचते. तेव्हा थेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे थोडक्या वजनाने सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर एक पायरी मागे या. नातवाला आज बसून मांडीवर घ्या. ताकद आली की उभ्यानेही घ्याल.

जोरात मालीश मात्र नको. लसिकावाहिन्या त्वचेच्या अगदी खाली असतात. त्यांच्यासाठीचा मसाज हलका, ठरावीक दिशेने असतो आणि तो शिकून घेतला की घरी स्वतः करता येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही, त्या मनाने घेऊ नका. वजन वाढलेलं असेल तर ते कमी केल्याने हातालाही फायदा होतो. रक्त काढायला आणि रक्तदाब मोजायला दुसरा हात पुढे करा.

त्वचेची काळजी बारीक वाटते, पण ती फार महत्त्वाची आहे. रोज मॉइश्चरायझर लावा, भांडी घासताना हातमोजे घाला, कापलं किंवा खरचटलं तर लगेच धुऊन जंतुनाशक लावा. या हाताला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि प्रत्येक संसर्गानंतर सूज वाढू शकते. हात लाल, गरम झाला, ताप किंवा थंडी भरून आली तर रात्र काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अँटिबायोटिक वेळेवर मिळायला हवं. सूज एकाएकी वाढली किंवा नव्याने दुखू लागलं, तरी थेरपिस्टआधी डॉक्टरांना दाखवा, कारण त्याचं कारण वेगळंही असू शकतं. ही लक्षणं घरच्यांनाही सांगून ठेवा. तुम्हाला जपायचंच आहे ना त्यांना, मग अशा वेळी गाडी काढायची तयारी त्यांनी ठेवावी.