यूएफओ नंतर, आधी विमानं पकड

अरे, यूएफओ पकडायला पॅसिव्ह रडार बांधायचं म्हणतोस ना, त्यात आपण स्वतःचा सिग्नल सोडतच नाही, एफएम रेडिओचा सिग्नल हवेत असतोच, एका अँटेनावर तो थेट घ्यायचा आणि दुसऱ्यावर आकाशातल्या वस्तूवर आपटून उशिरा येणारा, मग दोन्ही जुळवायचे. सुटे स्वस्तातले दोन डोंगल (यूएसबीवर लावायचे रेडिओ रिसीव्हर) नको लावू, दोघांना क्लॉक (वेळेचा ठोका) एकच हवं नाहीतर सगळा कचरा. दुसऱ्या अँटेनाची पाठ एफएमच्या टॉवरकडे ठेव, नाहीतर थेट सिग्नलखाली प्रतिध्वनी पार गाडला जातो. आणि आरजे बडबडत असला की स्क्रीनवरची प्रतिध्वनीची रेघ फिसकटते, गाणं लागलं की बरी दिसते (बँडविड्थचा, म्हणजे सिग्नल किती रुंद पसरतो त्याचा खेळ आहे सगळा). मुंबईत टार्गेट फुकट मिळतात, घाटकोपरवरून उतरणारी विमानं बघ, सोबत १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बी (विमानं स्वतःच आपली जागा कळवतात तो सिग्नल) ऐकणं चालू ठेव, त्याच्याशी जुळत नाही तेवढंच बाजूला काढ, त्यातही हेलिकॉप्टर निघेल बहुतेक.